अण्णांच्या गाडीवरचा बाण

यंत्रं जोडणं हा माझा प्रांत नाही. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि घरातला बल्ब बदलायचा तरी बायकोला स्टूल धरायला लावतो. असं असूनही गेला अख्खा उन्हाळा मी अण्णांच्या मोटारसायकलच्या हँडलवर एक जीपीएसचं यंत्र बसवण्यात घालवला. सोलापूरच्या उन्हात, अंगणात, पाना आणि चिकटपट्टी घेऊन. शेजारचे येता-जाता विचारायचे, "सर, नवीन धंदा काढला का?" मी हसायचो, आणि मनात त्यांना शिव्या घालायचो.

अण्णा म्हणजे माझे वडील. सरकारी मोजणी खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. सांगोला, माळशिरस, जिथं बदली होईल तिथं. दोन भाऊ बांधावरून काठ्या घेऊन उभे राहिले की अण्णा जायचे आणि हद्द दाखवून यायचे. त्यांचा एक नियम होता. जमिनीचा मालक समोर असल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. शेतात पाय ठेवला की पहिलं वाक्य ठरलेलं, "मालकाला बोलवा." मालक बाजाराला गेलेला असला तर हे बांधावर बसून राहणार. तो येईपर्यंत त्याच्या घरचं पाणीसुद्धा घेणार नाहीत. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो तेव्हा या नियमाचा मला भयंकर कंटाळा यायचा.

विजापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला आमचं घर आहे. तो प्लॉट अण्णांनी स्वतः मोजून घेतला, पायाची आखणी स्वतः केली. निवृत्तीनंतर रोज दुपारी ते मोटारसायकल काढून जुन्या ऑफिससमोरच्या हॉटेलात चहाला जायचे आणि पाच-साडेपाचला परत यायचे. एक दिवस ते दिवेलागणीला आले. "सात रस्त्याच्या चौकात लई गर्दी हुती," म्हणाले. पुढच्या आठवड्यात ते भलतीकडेच, होटगी रस्त्याच्या बाजूला सापडले. गाडी बाजूला लावून शांत उभे होते. कुणाला विचारलं का नाही, असं मी चिडून म्हणालो, तेव्हा ते माझ्याकडे असे बघत राहिले की मलाच लाज वाटली. ज्यानं जिल्ह्याला हद्दी दाखवल्या, त्यानं पानटपरीवर आपल्या घराचा पत्ता विचारायचा?

डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार, गाडी बंद करा. मी चावी लपवली. अण्णा भांडले नाहीत. फक्त ताटाला हात लावेनात. दुसऱ्या दिवशीही लावेनात. मी चावी परत खुंटीवर अडकवली. हे चूक आहे हे मला कळत होतं, पण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं.

मोबाईलचा काही उपयोग नव्हता. त्याच्या काचेवर अण्णांचं बोट उठायचंच नाही, आणि त्यातली रस्ता सांगणारी बाई बोलायला लागली की ते तिला "आवो थांबा की जरा" म्हणायचे. मग मला आठवलं, नोकरीच्या शेवटच्या वर्षांत खात्यानं त्यांना हातात धरायचं जीपीएस दिलं होतं. तसलंच एक जुनं यंत्र मी खटपट करून मिळवलं. जाड रबराचं, बटणांचं. अण्णांनी ते हातात घेतलं आणि त्यांचा अंगठा आपोआप बटणांवर गेला. मी त्यात आमचं घर टाकून दिलं. यंत्रावर एक बाण आला. "ह्यो सरळ रेघेत दावतो," अण्णा मला समजावून सांगू लागले, "रस्ता आपला आपण काढायचा." कित्येक महिन्यांत ते मला पहिल्यांदाच काहीतरी शिकवत होते. मला इतका आनंद झाला की मी लगेच पाना शोधायला गेलो.

यंत्र हँडलला धरणारी पहिली पट्टी पहिल्याच गतिरोधकाला सुटली आणि ते आपल्या दोरीला लोंबकळत घरी आलं. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे हँडलला गुंडाळले, त्यावर पट्टी आवळली. यंत्र हलेना. पण ते सेल फार खायचं, म्हणून गाडीच्या बॅटरीवरून वीज घ्यायची ठरवली. सात रस्त्याजवळच्या वायरिंगवाल्यानं सीटखाली वीज कमी करणारी एक डबी बसवली, तिथून वायर हँडलपर्यंत आणली. "चावीवर घेतलंय सर," तो म्हणाला, "चावी बंद की यंत्र बंद. बॅटरी उतरायची भानगडच न्हाय." मी त्याला शाबासकी दिली. आत सेल आहेतच, वीज तुटली तरी यंत्र त्यांच्यावर चालू राहील, असा माझा हिशोब होता.

अण्णांना मी इतकी वर्षं ओळखतो, तरी दोन गोष्टी माझ्या डोक्यात आल्या नाहीत. सिग्नलला गाडी थांबली की अण्णा पेट्रोल वाचवायला चावी बंद करतात. नुसती बंद नाही, काढून सदऱ्याच्या खिशात टाकतात, कारण चावी लावलेली गाडी रस्त्यावर ठेवायची नसते. आणि यंत्राला बॅटरीतून वीज मिळतेय हे कळताच त्यांनी आतले सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले होते. "लाईट हाय की त्याला. सेल कशाला जाळायचं?"

तेव्हा सात रस्त्याला काय व्हायचं, ते मी एकदा त्यांच्या मागे स्कूटरवर जाऊन पाहिलं. लाल दिवा. चावी खिशात. यंत्र गप. मग हिरवा दिवा, मागून हॉर्न, अण्णा खिसे चाचपतायत. गाडी सुरू झाली, पण यंत्र अजून आभाळात काहीतरी शोधत बसलेलं, आणि पुढ्यात इतके सगळे रस्ते. बाण यायच्या आत मागच्यांनी त्यांना पुढे ढकललं होतं. त्यांनी मान वळवून आजूबाजूला पाहिलं. तो चेहरा मी विसरू शकत नाही. मी पुढे झालो आणि "अण्णा, तुमी हिकडं कसं?" म्हणत योगायोगाचं नाटक केलं.

मग मी हट्टाला पेटलो. वायरिंगवाल्याकडून वायर सरळ बॅटरीला जोडून घेतली. दोन-तीन दिवसांत बॅटरी उतरली. सकाळी अण्णा किक मारून मारून घामाघूम होऊन पायरीवर बसले. परत जाऊन वायर चावीवर घेतली. शेवटी यंत्रात नवे सेल घातले आणि मागचं झाकण चिकटपट्टीनं असं गुंडाळलं की ते उघडायला कात्री लागावी. घड्याळालाही वेगळे सेल आणून दिले. बायको दारातून बघत होती. "यंत्राचं झालं," ती म्हणाली, "आता त्यांचं काय करणार आहात?" मी तिच्यावर खेकसलो. तिनं विचारलेलं बरोबर होतं म्हणूनच खेकसलो.

पण यंत्र चालू लागलं. चावी खिशात गेली तरी बाण विझत नव्हता. मी चार दिवस लपून मागे गेलो. अण्णा सात रस्त्याला थांबायचे, बाणाकडे बघायचे, आणि बरोबर आमचा रस्ता धरायचे. पाचव्या दिवशी मी मागे गेलो नाही. मुलांचे पेपर तपासत बसलो, म्हणजे तांबडा पेन हातात धरून बसलो. साडेपाचच्या सुमारास दाराबाहेर गाडी थांबली. यंत्रानं पोहोचल्याचा बारीक आवाज दिला. मी पेन टाकून उठलो. एखादी स्पर्धा जिंकावी इतका आनंद मला झाला होता.

अण्णा गाडीवरच बसून होते. बाणाकडे, मग फाटकाकडे, मग परत बाणाकडे बघत होते.

"आलात की बरोबर," मी म्हणालो. "या आत, चहा ठेवलाय."

"पॉइंट ह्योच हाय," ते म्हणाले. "त्यात काय चूक न्हाय."

ते उतरेनात. बायकोनं तांब्या-भांडं आणलं. अण्णांनी हात जोडून नको म्हटलं. "ऱ्हाऊ द्या ताई. आदी मालकाला बोलवा."

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसलोसुद्धा. "अण्णा, मालक तुमीच की. तुमचंच घर हाय हे."

तेही हसले, कुणी फसवायला बघतंय हे कळल्यावर माणूस सभ्यपणानं हसतो तसे. "तसं चालत न्हाय आमाला," म्हणाले. "मालक येऊ द्या. मी थांबतो."

त्यांनी गाडी स्टँडला लावली, चावी काढून खिशात टाकली आणि फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसले. यंत्र चालूच राहिलं. मी इतक्या खटपटी केल्या त्या वाटेसाठी. वाट त्यांना सापडली होती. आता काय जोडायचं आणि कुठं, हे मला सुचेना. बायको तांब्या घेऊन तशीच उभी होती. तिच्याकडे बघायचा मला धीर होईना. मी जाऊन अण्णांच्या शेजारी कट्ट्यावर बसलो.

मग त्यांनी सरकून मला नीट जागा करून दिली.

"तुमीबी त्यांचीच वाट बघताय का?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.