बर्फाची सुट्टी

सोलापुरात पंखा लावून बसलेली माझी बायको कॅनडात बर्फ पडायची वाट बघायची. "बघा की, आज पडतोय का," म्हणून रोज माझ्या मागं लागायची. मी वैतागायचो. बर्फ पडला की तिथल्या लेकीचं ऑफिस बंद, मग संध्याकाळभर व्हिडिओ कॉल. फोन बरणीला टेकवून ही शेंगाचटणी कुटायची आणि लेक तिकडं कॉफी पीत नुसती बघत बसायची.

ही गेली त्या दिवशी तिकडं एवढा बर्फ पडला की विमानंच सुटली नाहीत. हिला हॉलमध्ये निजवलं होतं. "बाबा, फोन आईजवळ ठेवा," लेक म्हणाली. फोन उभा राहीना, म्हणून मी आतून तीच बरणी आणली.

लेकीला सुट्टीच होती. ती बघत बसली.