उन्हापर्यंत नेट

आई गेल्यानंतर बाबा नागपूरहून आमच्याकडे आर. के. पुरमला राहायला आले आणि आतल्या खोलीत टॅबलेट घेऊन बसले ते बसलेच. दिल्लीच्या थंडीत सरकारी क्वार्टरची आतली खोली म्हणजे निव्वळ फ्रीज. बाहेर सगळी कॉलनी मटार सोलत ऊन खात बसलेली, आणि आमचे बाबा स्वेटरवर स्वेटर चढवून बुद्धिबळाचे डाव बघतायत. डॉक्टरांनी सांगितलं, ऊन घ्या. मी सांगून थकले. उत्तर ठरलेलं.

"बाहेर नेट येत नाही."

सबब खरी होती, हाच वैताग. घरात एकमेकांकडे नेट पुढे सरकवणारे मेश वाय-फायचे दोन डबे होते, त्यातला एक खिडकीत आणून ठेवला. नेट कढीपत्त्याच्या झाडापर्यंत पोचलं आणि तिथंच दमलं. हिवाळ्यात आमच्या तळमजल्याच्या वाट्याला ऊन येतं ते लॉनच्या पार टोकाला, फाटकापाशी. नेट संपायचं तिथून ऊन सुरू व्हायचं.

अर्थात नेट हे निमित्त होतं, हे मला कळत होतं. दर हिवाळ्यात आई-बाबा दोघं यायचे, तेव्हा फाटकापाशी दोन वेताच्या खुर्च्या मांडलेल्या असायच्या. आता तिथं एकटं बसायचं कसं, हा विचार मलाही झेपत नव्हता. पण निमित्त तर काढून घेता येतं! मी हट्टाला पेटले आणि बाहेर लावायचा तिसरा डबा मागवला.

बाबांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला, कारण त्यांना नवी अडचण सापडली होती. "याला वीज कुठून देणार? बाहेर प्लग नाही. आणि सरकारी भिंतीला भोक पाडायचं नाही हं, परमिशन लागते."

"वीज नेटच्याच तारेतून जाते, बाबा. पॉवर ओव्हर इथरनेट. आत ही छोटी डबी लावायची, ती तारेत वीज सोडते. आणि तार मी कूलरच्या खिडकीतून काढणार आहे." कूलर काढून ठेवला की आमची ती खिडकी थंडीभर प्लायवूडने झाकलेली असते, त्याच्या कडेला एक फट राहते.

मला वाटलं, आता गप्प बसतील. पण त्यांची उभी नोकरी टेलिफोन खात्यात गेलेली.

"यात नवीन काय? लाइट गेली तरी आपला फोन चालायचा तो कसा? एक्सचेंजमधून तारेतूनच वीज यायची." आणि ते पुन्हा बुद्धिबळाकडे वळले.

रविवारी मी फाटकाजवळच्या, कपडे वाळत घालायच्या लोखंडी खांबाशी स्टुलावर चढून डबा बांधत होते. खिडकीतून सूचना येत होत्या.

"तार एवढी ताणू नको."

"हो, बाबा."

"खाली झोळ सोड. पाणी तिथून टपकून जाईल, डब्यात नाही शिरणार."

"सोडला."

"त्याला झोळ म्हणतात?"

मग आवाज बंद झाला. वळून पाहिलं तर बाबा माकडटोपी घालून स्टुलाखाली उभे. पक्कड मागायला हात पुढे केलेला.

"उतर खाली. बघवत नाही."

त्यांनी माझं सगळं काम सोडवून पुन्हा केलं. डब्यावर निळा दिवा लागला. शेजारच्या काकू मटारांतून मान वर करून म्हणाल्या, "अंकलजी, कितने दिन बाद दिखे!" बाबांनी त्यांना नागपुरी हिंदीत टेलिफोनच्या तारेतली वीज समजावून सांगितली. काकूंचे मटार संपले, व्याख्यान संपलं नाही. मी हळूच एक खुर्ची आणून ठेवली. बोलता बोलता ते तिच्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी माझं ऑफिसचं काम घरूनच होतं. बाबा उन्हातून उठून आत आले.

"दुसरी खुर्ची कुठाय?"

मी लॅपटॉपवरून मान वर केली. "माळ्यावर."

"काढ. आणि तू बाहेर येऊन काम कर. दिवसभर आत कुढत बसतेस."

"मला मीटिंग आहे, बाबा."

"बाहेर नेट येतं," बाबा म्हणाले.

आईची खुर्ची पुसून मी त्यांच्याशेजारी मांडली, लॅपटॉप उघडला आणि शेवटची सबब काढली. "स्क्रीनवर ऊन पडतंय. काही दिसत नाही."

टॅबलेट बंद करून बाबांनी आपली खुर्ची जरा पुढे, जरा डावीकडे सरकवली, आणि त्यांची सावली बरोबर माझ्या लॅपटॉपवर येऊन पडली.