रविवारचे चौकोन

पुंडलिकरावांना इंग्रजी कोड्यांचा नाद होता, याबद्दल देवकाबाईंची तक्रार नव्हती. तक्रार होती ती सुलोचनाबाईंसाठी मांडल्या जाणाऱ्या खुर्चीबद्दल.

पुंडलिकराव सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. दर आठवड्याला त्यांचं एक इंग्रजी साप्ताहिक मुंबईहून टपालाने यायचं. त्यात बक्षिसाचं कोडं असे. चौकोनांत शब्दाची शेवटची अक्षरं छापलेली, पहिलं तेवढं आपण भरायचं. एकाच शेपटाचे तीन-चार शब्द तिथे बसत. त्यातला नेमका कोणता, ते शेजारच्या वाक्यावरून ठरवायचं. समोरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या सुलोचनाबाई मुलींच्या शाळेत मास्तरीण, मॅट्रिक झालेल्या. रविवारी जेवणं झाली की पुंडलिकराव स्वतः आतली खुर्ची उचलून ओसरीत सावलीला ठेवत आणि हाक मारत, "या बाई, आज मोठं कठीण आलं आहे."

अठरा वर्षांच्या संसारात देवकाबाईंसाठी त्यांनी कधी पाटसुद्धा मांडला नव्हता.

देवकाबाई जामजवळच्या खेड्यातल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. मूलबाळ झालं नाही. घरात बोलायला माणसं दोनच, आणि त्यातलं एक संध्याकाळी जिनिंगमधून येऊन "जेवायला वाढ" एवढंच बोले. तोच माणूस रविवारी दुपारभर बोलतो, हसतो, हे त्या चहा ठेवता ठेवता ऐकत असत. विहिरीवर शेजारच्या पंचफुलाने विचारलंही, "काऊन वो देवकाबाई, तुमच्या घरी रविवारी शाळा भरते म्हणते?"

"भरते ना. तू बी येजो पाटी घेऊन," देवकाबाई म्हणाल्या आणि बादली अशी आपटली की अर्धं पाणी सांडलं.

एका रविवारी सुलोचनाबाईंनी वाक्याचा अर्थ सांगितला, "बाई हे जगापासून लपवते. आता बघा, टिअर म्हणजे आसू, फिअर म्हणजे भीती. मला टिअर वाटतं."

"इअर काऊन नाई? इअर म्हणजे वर्ष. बाई वयच लपवते!" पुंडलिकराव म्हणाले, आणि दोघंही हसली.

देवकाबाई आत तांदूळ निवडत होत्या. त्यांना राहवलं नाही. "आसू लपत नाई," त्या आतूनच म्हणाल्या. "नाक लाल होते. बाई भेव लपवते. सासरी नांदली तिले इचारा."

मग सुलोचनाबाई म्हणाल्या, "वहिनींचं खरं आहे. फिअर लिहा."

"तिले कोड्यातलं काय समजते!" पुंडलिकराव म्हणाले, आणि टिअर लिहून मोकळे झाले.

उत्तर छापून आलं तेव्हा फिअर निघालं. हे देवकाबाईंना नवऱ्याने सांगितलं नाही. सुलोचनाबाई मुद्दाम स्वयंपाकघरात येऊन सांगून गेल्या. ते जास्त झोंबलं.

दिवाळीनंतर शाळा चालवणाऱ्या जनपद सभेचा हुकूम आला, सुलोचनाबाईंची समुद्रपूरला बदली झाली. देवकाबाईंनी त्यांच्याबरोबर लाडू दिले, आणि त्या लाडवांत तूप जरा सढळच पडलं. पुढच्या रविवारी चहा देऊन त्या मुद्दाम उंबऱ्याशी रेंगाळल्या. पुंडलिकरावांनी मान वर केली नाही. ते अख्खं कोडं एका कागदावर उतरवत होते. मग कागद पाकिटात घातला, वर समुद्रपूरचा पत्ता घातला.

शनिवारी उत्तर आलं. त्यानंतर दर शनिवारी येऊ लागलं. ओसरीत दोघं डोळ्यांसमोर तरी असत. पाकिटातलं काही दिसत नव्हतं. देवकाबाईंच्या भाजीत मीठ दोनदा पडू लागलं.

चौथं पत्र आलं तेव्हा पुंडलिकराव कामावर होते. देवकाबाईंनी चहाच्या आधणाच्या वाफेवर पाकीट धरलं. चिकटवलेली कड सुटली.

आत ना खुशाली, ना आठवण. इंग्रजी शब्दांची रांग, आणि प्रत्येकापुढे मराठीत उच्चार व अर्थ. कोल्ड, थंड. बोल्ड, धीट. गोल्ड, सोनं. कोणता का घ्यावा, त्याची दोन-दोन ओळींची कारणं. देवकाबाईंनी पत्र दोनदा वाचलं, उलटून पाहिलं. एखादा गोड शब्द सापडता तर बरं झालं असतं. मोटर धरून समुद्रपूरला गेल्या असत्या आणि त्या बाईच्या झिंज्या धरल्या असत्या. पण धरायला काही नव्हतं. इतका विचार करून, इतकं तोलून मापून आपल्या नवऱ्याशी कोणी बोलत होतं आणि तोही बोलत होता, एवढंच. त्यांच्या वाट्याला तेवढंही कधी आलं नव्हतं.

सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'म्हातारपणी माणसाला भरवसा याचाच. लँड, जमीन. हँड, हात. माझं काही ठरत नाही. हे वहिनींना विचारा.'

देवकाबाईंनी भाताच्या शिताने पाकीट पुन्हा चिकटवलं आणि टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी त्या तोंड धुऊन, धुवट लुगडं नेसून चहा घेऊन ओसरीत गेल्या. पुंडलिकरावांनी पत्र उघडलं, खालपर्यंत वाचलं. देवकाबाई उभ्याच राहिल्या.

"काय पाह्यजे?"

"काई नाई."

ते वरून एकेक चौकोन भरत आले. शेवटच्याशी थांबले, पेन्सिलीचं टोक दातांत धरलं, रस्त्याकडे पाहिलं, मग एक अक्षर लिहिलं. कोणतं, ते देवकाबाईंना वाचता येत नव्हतं. आपल्याला विचारलं नाही, एवढं मात्र कळलं.

"हात लिहा," त्या म्हणाल्या.

"आं?"

"हात लिहा म्हणते. बिछान्यावर पडल्यावर जमीन पाणी आणून देत नाई."

पुंडलिकरावांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग पाकिटाच्या कडेवर वाळलेल्या शिताकडे. त्यांचा चेहरा तांबडा झाला. "तू माझं पत्र फोडलं?"

"फोडलं," देवकाबाई म्हणाल्या आणि समोर जमिनीवर बसल्या. "वाचलं बी. आता बोला."

पुंडलिकराव बोलले. चांगले पाऊण तास बोलले. मध्ये एकदा त्यांनी शेवटचं अक्षर खोडायला रबर मागितला, तो देवकाबाईंनी दिला नाही. "आधी पुरं बोला," म्हणाल्या.