आक्का आणि माझी साधी सर्दी

"मावशे, आई गेली." शिनोलीहून आक्काच्या संजूचा फोन आला. कशानं, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. तोच म्हणाला, "डॉक्टर म्हणत्यात, कोविडच व्हता." इकडे आळे गावात मी फोन धरून तशीच उभी राहिले... कळल्यावर शेजारीण म्हणाली, "आता त्यानं कुठं कोण मरतंय व्हय?"

आक्का माझी थोरली बहीण. कोरोनाच्या पहिल्या लाटेत दाजी गेले, तेव्हा त्यांचं तोंडसुद्धा तिला बघायला मिळालं नाही. दवाखान्यातूनच त्यांना परस्पर स्मशानात नेलं. मी शिनोलीला पोचले, तर आक्का दारातनंच ओरडली, "तितंच थांब! तुझी लेकरं बारकी हायेत." अंगणाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. दोघी रडलो आणि मी तशीच परतले. त्या दिवशी तिला जवळ घेता आलं नाही, ही बोच माझ्या मनातून कधी गेलीच नाही.

पुढं लसी आल्या, लग्नं-जत्रा पूर्वीसारख्या होऊ लागल्या. कोरोना म्हणजे तीन दिवसांचा ताप, असं आम्ही म्हणू लागलो आणि आमच्यापुरतं ते खरंही होतं. आक्काचं तसं नव्हतं. तिच्या किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. गेल्या महिन्यात मी तिला भेटायला गेले, तेव्हा माझा घसा खवखवत होता. "सर्दी हाय गं जरा," मी म्हटलं. "मंग काय झालं? ये," म्हणत तिनं हात पसरले. इतक्या वर्षांची राहून गेलेली मिठी मी तिला मारली...

तीन दिवसांत मी बरी झाले. चौथ्या दिवशी तिला धाप लागली. आठवडाभर ती दवाखान्यात झुंजली.

तिला पोचवायला सगळा गाव होता. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, साडी नेसवली. दाजींच्या वाट्याला यातलं काहीच आलं नव्हतं.

दहाव्याला मी संजूला बाजूला घेतलं. "बाळा, ती सर्दी माझी..."

"डायलिसिसलाबी माणसं येत्यात, मावशे. कुठनं आला, कोण सांगणार?" त्यानं माझा हात धरला. "आन् तू न भेटता माघारी गेली असतीस, तर ती लई रडली असती."

त्याच्या मायेनं जीव थोडा हलका झाला. पण तोंडाला रुमाल बांधून जरा लांब बसले असते, तर ती रडली नसती, हेही मला कळत होतं.

मग मी तिच्या खोलीकडे गेले. पाहुण्याची खुर्ची अजून पलंगाला चिकटूनच होती, त्या भेटीत मी ओढून घेतली होती तशीच. मी ती हलवली नाही. कितीतरी वेळ उंबऱ्यातच उभी राहिले.