साडेचारच्या बसने गेलेला निकाल

कुंभकोणमात माझ्याइतका सच्चा माणूस नाही, असं मी नव्हे, गावच म्हणत असे. दिवसा शाळेत कारकून आणि सुट्टीच्या दिवशी एका तमिळ दैनिकाचा क्रीडा वार्ताहर, असं माझं ऐंशीच्या दशकातलं आयुष्य. स्पर्धा भरवणाऱ्यांकडे मी जेवत नसे. कुणी धोतरजोडी पुढे केली तर हात जोडून परत करी, आणि तीही चारचौघांच्या देखत. एकट्यात परत केलेली धोतरजोडी गावाला कळणार कशी?

बातमी पाठवायची आमची रीत ठरलेली होती. पाकीट साडेचारच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायचं, तिरुच्चीच्या स्टँडवर पेपरच्या कचेरीचा शिपाई ते उतरवून घेई. ती बस चुकली की बातमी गेली. आणि सामने कधी वेळेवर सुरू झालेत? प्रमुख पाहुण्यांची दुपारची झोप पुरी व्हायला नको का! तेव्हा आम्ही सगळेच वार्ताहर पहिला सेट बघायचो, कोण जिंकणार ते ताडायचो आणि निकाल लिहून पाकीट चिकटवायचो. याला आम्ही खोटं म्हणत नसू. अनुभव म्हणत असू.

त्या रविवारी बॉल बॅडमिंटनची फायनल होती. पिवळ्या लोकरीचा चेंडू, पाच-पाच खेळाडू, अंगण झाडून आखलेलं मैदान. एका बाजूला तंजावरचा तगडा संघ, दुसरीकडे शेजारच्याच दारासुरम गावचा. दारासुरमचा कर्णधार मागावर रेशीम विणणारा, पंचविशीतला, अबोल गडी. पहिला सेट तंजावरने धुऊन नेला. घड्याळात सव्वाचार. मी लिहिलं, तंजावरची सहज सरशी, दारासुरम निष्प्रभ. वर स्वतःच्या लेखणीवर खूश होऊन कर्णधार गोंधळलेला दिसला, असंही ठोकून दिलं. पाकीट दिलं, सायकल मारत परत आलो, तर दारासुरमने दुसरा सेट घेतलेला! तिसराही घेतला. लोकांनी त्या विणकराला खांद्यावर घेतलं आणि मी घड्याळाकडे बघितलं.

तेवढ्यात मला मंचावर बोलावलं. ‘सचोटीचे पत्रकार’ म्हणून चार शब्द बोलायला. मी बोललो की! डोळ्यांनी बघितल्याशिवाय वार्ताहराने एक अक्षर लिहू नये, असं दहा मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. माझी बस तेव्हा पापनाशम ओलांडत असेल. तिरुच्चीला फोन करता आला असता. ट्रंक कॉल लागायला वेळ लागे हे खरं, पण मी लावलाच नाही हे जास्त खरं. संपादकांना काय सांगणार होतो, कप्पाळ?

सोमवारी सकाळी कर्णधार दारात उभा. हातात पेपर.

“सार, आम्ही जिंकलो ना?” त्याने विचारलं. स्वतः जिंकलेला माणूस मला विचारत होता!

“जिंकलात की.”

“गुरुवारी माझी मुलाखत आहे, सार. सरकारी नोकरी, खेळाडूंच्या कोट्यातली. तिथे कात्रण मागतात.”

कात्रणच का, ते मला ठाऊक होतं. खेळाच्या संघटनेचं सर्टिफिकेट मिळवायला तेव्हा खेळावं लागत नसे, ओळख पुरे. म्हणून अधिकारी पेपरवर विश्वास ठेवत. त्याच्या घरात दोन माग होते, एक बंद पडलेला. सरकारी नोकरीची वयोमर्यादा तो पुढच्या वर्षी ओलांडणार होता. मी म्हटलं, बुधवारी दुरुस्ती छापून येईल, काळजी करू नकोस.

घरी बायकोला सगळं सांगितलं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडे राहिलेले मराठी, त्यामुळे आमच्या घरातली मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेल काढून बोललेली. पुण्याचा पाहुणा ती ऐकून हसतो. पण बायको त्या मराठीत नेमकं बोलते. “खेळ सरला नव्हता, त्याच्या आधी लिहिलां, म्हणून सरळ लिहून टाका की हो,” ती म्हणाली.

“तुला काय कळतंय!” मी ओरडलो. राग तिच्यावर नव्हता, पण ओरडायला घरात तीच होती.

मी लिहिलं, ‘नजरचुकीने निकाल उलटा छापला गेला.’ छापला गेला! म्हणजे तिरुच्चीतल्या कुणा बिचाऱ्या खिळे जुळवणाऱ्याच्या माथी. बुधवारी दोन ओळी आल्या. गावात मला लोक म्हणाले, छापखान्याची चूकही अंगावर घेता, केवढं मन तुमचं! मीही मान तिरपी करून ऐकून घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी तो आला. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याशीच उभा राहिला.

“मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी दोन्ही कात्रणं शेजारी ठेवली, सार. म्हणाले, पहिल्यात सेटसकट सगळं वर्णन आहे, तुम्ही गोंधळलात तेही आहे. छापखाना चुकून एवढं लिहीत नाही. हे वार्ताहर सचोटीचे आहेत, आम्ही ऐकून आहोत. दुसरं कात्रण तुम्ही त्यांच्या पाया पडून आणलंत.”

“मग? तू काय म्हणालास?”

“काही नाही.”

“अरे, सांगायचं नाही का, ते सामना संपायच्या आत लिहून मोकळे झाले म्हणून?”

तो खाली बघत म्हणाला, “तुमच्याबद्दल असं कसं सांगू, सार?”

त्याने माझी गचांडी धरली असती तर बरं झालं असतं. आणि एवढं होऊनही वेळ गेलेली नव्हती. निवडीची यादी आठ दिवसांनी लागणार होती, असं त्यानेच सांगितलं. त्या साहेबांना खरं काय ते लिहिलं, तर पत्र पोचायला दोन दिवस लागत. कागद टेबलावर होता, पेन खिशात होतं, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी त्याला विचारलं, “कॉफी घेणार?”