ओवाळणीचे अकरा हजार

कोणी वाचलंच तर माफ करा. शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षर तर कोंबडीचे पाय. चौथीनंतर मी लिहिलं ते फक्त बचत गटाच्या वहीत.

भाऊ म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. त्यांच्या वाढदिवसाला विश्रांतवाडीच्या चौकात मांडव होता. आमच्या वस्तीच्या बचत गटाच्या बावीस बायका एका रंगाच्या साड्या नेसून त्यांना ओवाळायला रांगेत उभ्या. मी गटाची अध्यक्ष, म्हणून पहिली. बोलत नाही, भांडत नाही, म्हणूनच मला अध्यक्ष केलेलं. सासरे म्हणायचे, माणसाने माणसाला ओवाळू नये. तरी मी ओवाळलं. भाऊंनी ताटात पाकीट टाकलं. मी खाली बघतच म्हणाले, "भाऊ, वस्तीतल्या बायकांच्या संडासाला दारं नाहीत. एक आत गेली की दुसरीला बाहेर पदर आडवा धरून उभं राहावं लागतं."

माईक त्यांच्या हातात होता. तो तोंडाजवळ नेऊन म्हणाले, "ताई, ताटात पडलं ना? मग तोंड कशाला उघडता? का दारंपण ताटातच टाकू?"

मांडव हसला. ते मी विसरले असते. पण माझ्या मागे आमच्या बायकाही हसल्या. माझी जाऊ हसली, जिच्यासाठी मी रोज सकाळी पदर धरायचे. ते हसू अजून ऐकू येतं. कणीक मळताना येतं. नळाला हंडा लावला की येतं. मी वळून बघते. कोणी नसतं.

पाकिटात अकरा हजार होते. प्रत्येकीला पाचशे. मीही घेतले. वहीत मीच लिहिलं, सहीही माझीच.

महिन्याने आम्ही दारांसाठी भाऊंच्या कचेरीत गेलो. तिथला माणूस मान वर न करता म्हणाला, "ओवाळणी घेतलीत की. आता परत कसलं मागणं?"

आम्ही गुपचूप निघालो. रस्त्यात मला कळलं. ती आमची तोंडं शिवायची मजुरी होती. आणि ती मी सही करून घेतली होती.

पुढच्या बैठकीत पहिल्यांदाच उभी राहून बोलले. "पैसे परत करायचे."

"हिला चौकात स्वतःचा पुतळा हवाय वाटतं," जाऊ म्हणाली.

"भाऊंनी रेशनकार्डं करून दिली. तुझ्यापायी तेही बंद होईल," दुसरी म्हणाली.

"अध्यक्षबाई, आधी नीट लिहायला शिका," मागून कोणीतरी.

अध्यक्षपद गेलं. जावेने बोलणं टाकलं. बारशाची बोलावणी थांबली. सकाळी माझ्यासाठी पदर धरायला कोणी येईना. एका हाताने फाटका पत्रा धरून मी आत बसायचे. तेव्हा वाटायचं, जावं, चुकले म्हणावं. सगळ्यांना आवडणं किती सोपं होतं. नुसतं गप्प बसायचं.

गेले नाही. पोळ्यांची आणखी दोन घरं धरली. सखूमावशीने तेवढे तिचे पाचशे आणून दिले. "माझं नाव घेऊ नको हां," म्हणाली. बाकीचे साडेदहा हजार माझ्या कमाईतून जमायला दिवाळी उलटली.

काल कचेरीत गेले. भाऊ स्वतः बसले होते. मी पैसे त्यांच्या समोर ठेवले.

"अहो ताई, ओवाळणी कोणी परत करतं का? आणि तुमच्या मागे आहे तरी कोण?"

"कोणी नाही. मोजून घ्या."

मी त्यांच्या तोंडाकडे बघून बोलले. "हा दारांचा अर्ज. दारं लागेपर्यंत दर सोमवारी येणार. वस्तीने वाळीत टाकलं तरी येणार."

त्यांनी मोजले. दोनदा मोजले. पोच हातात पडेपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही. अकरा हजार. पूर्ण फिटले.