‘नाही’ बाहेर, बुटांशेजारी

दिवाण सर आले की पहिल्यांदा आमचे बूट काढायला लावायचे. आमचे म्हणजे फौंड्रीत दिवसभर भट्टीसमोर उभं राहणाऱ्या माणसांचे. शनिवारी पहिली पाळी सुटली, की ऐन घरी जायच्या वेळी कॅन्टीनची बाकं भिंतीला सरकवायची, अनवाणी गोल करून उभं राहायचं आणि या गृहस्थांच्या पांढऱ्याशुभ्र मोज्यांकडे बघत राहायचं. स्वतःचे मोजे त्यांनी कधी काढले नाहीत. मला हा माणूस पहिल्या दिवशी आवडला नाही आणि तो वारल्यावरही आवडायला लागलेला नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. ओतकामावर मी सुपरवायझर होतो. वर क्रेनवर तुका पाटील आणि खाली साच्यात लोखंड ओतायला शिवलिंग. दोघांचं कशावरून तरी बिनसलं होतं आणि खालून शिवलिंगनं दिलेली हाक तुका ऐकून न ऐकल्यासारखी करायचा. एकदा वितळलेल्या लोखंडानं भरलेली बादली भलत्याच बाजूला गेली. कुणाला भाजलं नाही, हे नशीब. मालकांनी दोघांना बोलावून कान उपटायचे, तर त्यांनी नाटकवाला आणला. नाटकातले खेळ खेळवून कंपनीतली माणसं जोडतात, असं त्यांनी पुण्यात कुठंतरी बघितलं होतं.

दिवाण सर राजारामपुरीत राहायचे. हौशी नाटकांत बरीच वर्षं काढलेली, आवाज कमावलेला, केस मानेवर. लिहिलेलं काही न घेता जागच्या जागी प्रसंग उभा करायचा, हे त्यांचं शिक्षण. नियम एकच. समोरचा बोलेल ते तोडायचं नाही. आधी ‘हो’ म्हणायचं, मग ‘आणि’ म्हणून आपली भर घालायची. “‘नाही’ बाहेर, बुटांशेजारी!” असं टाळी वाजवून म्हणायचे. हे कोल्हापुरात! आमच्याकडे माणूस आधी ‘न्हाय’ म्हणतो आणि मग काय विचारलं ते ऐकतो.

पहिल्याच शनिवारी तुका गोलातून पुढं आला. “सर, म्हस व्यालीया घरात. जाऊ का मी?”

“हो! आणि तिचं नाव काय ठेवलंत?”

“म्हशीचं का रेडकाचं?”

“वा! आणि ते रेडकू आता काय म्हणतंय?”

तुका माझ्याकडं बघायला लागला. “सायेब, ह्यास्नी काय झालंय?” तो खरोखरच सुट्टी मागत होता, आणि सरांना वाटलं, प्रवेश सुरू झाला. शेवटी मीच त्याला हाताला धरून फाटकाबाहेर काढलं. सर माझ्यावर रागावले. म्हणाले, “तुम्ही चांगला खेळ मोडलात.” म्हशीपाशी कोण जाणार होतं, हे त्यांनी विचारलं नाही.

तरीही कामात फरक पडला, हे मला कबूल करावं लागतं, आणि त्याचा मला रागच येतो. खालून शिवलिंग ओरडायचा, “डावीकडं!” वरून तुका आता उत्तर द्यायचा, “व्हय, डावीकडं, आनि सावकाश!” आधी चेष्टेनं, मग सवयीनं. पुढं ती बादली कधी भरकटली नाही. दोघं एका डब्यात जेवायला लागले.

शिवलिंग कुरुंदवाडचा. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. बरीच वर्षं बदली कामगार म्हणून राबला होता. बायको-पोरं गावाकडं, कायम झालो की त्यांना कोल्हापुरात आणायचं, असं त्यानं ठरवलेलं. त्या वर्षी मालक एकाला कायम करणार होते आणि ते नाव शिवलिंगचंच, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

अशात एका शनिवारी सरांनी जागा बदलायचा खेळ काढला. शिवलिंग मालक, मी कामगार. “मोकळं व्हा,” सर म्हणाले. “या खोलीतलं या खोलीतच राहील. माझा शब्द.” शिवलिंगनं नाकाला रुमाल लावला, भट्टीपासून लांब उभं राहावं तसा अंग चोरून उभा राहिला आणि हुबेहूब मालकांच्या आवाजात म्हणाला, “तुम्ही सगळी माझी घरची माणसं. घरात कोण घड्याळ बघतंय व्हय?” नियमाप्रमाणं मी म्हणालो, “हो मालक, आणि घड्याळ काढून तुमच्याकडंच ठेवतो.” कॅन्टीन हसून लोळलं. सर्वांत जास्त हसले दिवाण सर. डोळे पुसत म्हणाले, “शिवलिंग, तू नट आहेस रे!”

पुढच्या आठवड्यात शिवलिंगला सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नकोस. कायम झाला दुसराच.

शनिवारी मी सरांना फाटकातच गाठलं. “मालकांना कुणी सांगितलं?”

ते जराही ओशाळले नाहीत. “चहाला बोलावलं होतं. काय चाललंय विचारलं, म्हणून मी तो प्रवेश करून दाखवला. अहो, मालक हसले!”

“मग?”

“मग म्हणाले, माणूस उर्मट दिसतो. आता समोरच्याचं वाक्य तोडायचं नाही, हा आपला नियम. मी म्हटलं, हो, आणि त्याच्यामुळं बाकीचेही सैल सुटतात.” मानेवरचे केस मागं सारत म्हणाले, “ओघात गेलं.”

ओघात! एका माणसाचा संसार याच्या ओघात गेला. मी मालकांकडं जाऊन भांडलो, तुकाही माझ्याबरोबर आला, पण मालकांना ज्यांचं ऐकायचं होतं त्यांचं ऐकून झालं होतं. शिवलिंग गावी परतला आणि गुऱ्हाळावर चुलीला जळण घालायला लागला. जाताना मला म्हणाला, “अण्णा, त्या सरांस्नी कायबी बोलू नगा. न्हाय म्हणायचं न्हाय, त्यांचाच नियम की.” हसत म्हणाला, म्हणून जास्त लागलं. मी त्या कॅन्टीनमध्ये पुन्हा बूट काढले नाहीत.

काही वर्षांनी दिवाण सर वारले. राजारामपुरीत एका क्लासच्या हॉलमध्ये शोकसभा होती. मी गेलो, तुकाच ओढून घेऊन गेला. दाराशी चपलांचा ढीग, आत सगळे गोल करून बसलेले. त्यांची एक विद्यार्थिनी म्हणाली, “भाषणं नकोत, सरांचाच खेळ खेळू. मागच्याचं वाक्य तोडायचं नाही.” मग सुरू झालं. हो, आणि सर दिलदार होते. हो, आणि सरांनी माणसं जोडली. हो, आणि सरांनी कधी कुणाचा विश्वास मोडला नाही.

माझी पाळी आली.

“नाही,” मी म्हणालो. ती मुलगी गडबडून काही बोलणार, तेवढ्यात मी पुढं म्हणालो, “एकाचा मोडला. त्याचं नाव शिवलिंग. राहणार कुरुंदवाड.”

माझ्याशेजारी तुका बसला होता. खेळाप्रमाणं आता त्याला बोलायचं होतं. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. मांडीवरची टोपी त्यानं डोक्यावर घातली.

“व्हय,” तुका म्हणाला, “आनि त्यो परत न्हाय आला.”